मताखालची सही

कोल्हापुरात फुटबॉलचा वाद सुरू व्हायला निमित्त लागत नाही. त्या रविवारी मात्र ते होतं. सामना १-० असा संपला, गोल मारणाऱ्या पोराच्या हातात सामनावीराचा करंडक आला आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन वेळा अंग झोकून चेंडू बाहेर काढणारा कीपर हातमोजे काखेत मारून मुकाट्याने गेटबाहेर पडला. सामनावीर ठरवणारे दोघेही वार्ताहर होते. पुतणीने हे सगळं पाहिलं आणि घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या काकांना तेवढ्यावरून कळलं, की आज चहाबरोबर भांडणही आहे.

काकांचं आयुष्य वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर गेलं. रात्रपाळी, एजन्सीच्या बातम्या, पान सोडायची घाई, आणि पहाटे घरी येऊन काकूंना झोपेतून उठवून सांगितलेले निकाल. पुतणी विद्यापीठाच्या संघात गोलात उभी राहायची. आता बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार शाळकरी मुलींना गोलकीपिंग शिकवते. डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही, आणि ती तिची पदवी आहे असं ती सांगते.

"काका, तुमच्या जमातीला फक्त गोल दिसतो," चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली. "गल्लीत काय आणि पॅरिसमध्ये काय, सारखंच. तो सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर बघा. १९५६पासून चाललाय, आणि इतक्या वर्षांत गोलकीपर किती? एक! १९६३चा लेव्ह याशिन. बचावपटू म्हणावेत असे बेकनबाउअर, झामर आणि कॅनाव्हारो, एवढेच. म्हणजे मैदानाचा अर्धा भाग पत्रकारांच्या खुर्चीतून दिसतच नाही."

काकांना हा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता, आणि तीस वर्षं बातम्या तपासल्यामुळे आकड्यांशी भांडायचं नसतं हे त्यांना माहीत होतं. ते दुसऱ्या वाटेने आले.

"आधी हे प्रकरण सुरू कसं झालं ते ऐक. 'फ्रान्स फुटबॉल' हे पॅरिसचं नियतकालिक. त्यातले गॅब्रिएल हॅनो स्वतः फ्रान्सकडून खेळलेले आणि नंतर पत्रकार झालेले. क्लबांची युरोपियन स्पर्धा सुरू व्हावी म्हणून 'लेकिप' दैनिकातून आग्रह धरणाराही हाच माणूस. त्या स्पर्धेचा पहिला हंगाम संपला, आणि त्याच वर्षी यांनी युरोपातल्या १६ देशांच्या १६ पत्रकारांना विचारलं, या वर्षी युरोपात सर्वांत चांगला कोण खेळला? प्रत्येकाने पाच नावं द्यायची, पहिल्याला ५ गुण, शेवटच्याला १. सगळ्यांनी एकालाच पहिला क्रमांक दिला असता तर ८० गुण झाले असते. पहिला आलेला स्टॅन्ली मॅथ्यूज ४७वर होता, डि स्टेफानो ४४वर आणि कोपा ३३वर. जगातला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान असा तीन गुणांनी ठरला."

"आणि चुकीचा ठरला," पुतणी लगेच म्हणाली. "मॅथ्यूज तेव्हा ४१ वर्षांचे. थोर माणूस, मान्य. पण त्या वर्षी युरोपचा पहिला कप कुणी जिंकला? रेआल माद्रिदने, आणि त्यांचा कणा होता डि स्टेफानो. मॅथ्यूजना मिळाला तो वर्षाचा मान नव्हे, जन्माचा सत्कार होता. आपल्याकडे निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळ देतात तसा."

"म्हणून पुढच्या वर्षी डि स्टेफानोला दिलाच की."

"हेच म्हणते मी! यंदा चुकलं म्हणून पुढच्या वर्षी भरपाई. ही काय भिशी आहे का, प्रत्येकाचा नंबर लागायला?"

काकूंना हसू आलं. काकांनी कप पुढे सरकवला, म्हणजे आणखी अर्धा हवा.

"बरं," ते म्हणाले, "पत्रकारांना कळत नाही. मग मत द्यायचं कुणी?"

"ज्यांनी समोर उभं राहून मार खाल्लाय त्यांनी. खेळाडूंनी." तिचं उत्तर तयार होतं. इंग्लंडमध्ये दोन्ही तऱ्हेचे पुरस्कार कितीतरी वर्षं शेजारीशेजारी चाललेत. फुटबॉल लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार १९४८पासूनचा, आणि त्याचाही पहिला मानकरी मॅथ्यूजच. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा पुरस्कार १९७४पासूनचा. "खेळाडूंनी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा निवडला कोण? लीड्सचा नॉर्मन हंटर. बचावातला, पाय मोडतील अशी धास्ती घालणारा. ज्याच्यासमोर जाताना पोटात गोळा येतो त्यालाच त्यांनी मत दिलं. त्याच वर्षी लेखकांनी दिला इयान कॅलहनला. २०१९लाही तेच. खेळाडूंनी बचावातल्या व्हॅन डायकला निवडलं, लेखकांनी पुढे खेळणाऱ्या स्टर्लिंगला."

"आणि २०२१?" काकांनी विचारलं.

पुतणी थांबली.

"२०२१ला लेखकांनी रुबेन डियासला दिला. मँचेस्टर सिटीचा सेंटर-बॅक. आणि तुझ्या खेळाडूंनी दिला डी ब्रॉइनाला. म्हणजे तुझा नियम दोन वर्षंही टिकला नाही." काका आता सरसावून बसले. "आणखी एक ऐक. २००९ला खेळाडूंनी वर्षाचा सर्वोत्तम म्हणून रायन गिग्जला निवडलं. गिग्ज मोठाच, पण पुरस्कार मिळाला तेव्हा त्या हंगामात लीगचे बाराच सामने तो पहिल्या अकरात उतरला होता. बारा! मॅथ्यूजच्या शाल-श्रीफळाबद्दल मघाशी काय म्हणत होतीस? त्या वर्षी लेखकांनी जेरार्डला दिला, जो हंगामभर लिव्हरपूलला ओढत होता. खेळाडूंना खेळ कळतो, मान्य. पण ते इतरांचे सामने बघतात कधी? शनिवारी दुपारी सगळे आपापल्या मैदानावर असतात. समोर आला तो त्यांना दिसतो, बाकीचा ऐकिवात."

"मग दोघांचं जुळतं तेव्हा?"

"तेव्हाही शहाणपण येतंच असं नाही. १९९९ला मँचेस्टर युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकली. त्या वर्षी लेखकांनी आणि खेळाडूंनी, दोघांनीही निवडला टॉटनहॅमचा डेव्हिड जिनोला." काका हसले. "पण तुझ्या गोलकीपरांची एक गोष्ट माझ्याकडे आहे. ती तुला खेळाडूंच्या यादीत सापडायची नाही."

ती गोष्ट बर्ट ट्राउटमनची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पॅराट्रूपर, मग ब्रिटिशांचा युद्धकैदी, आणि सुटकेनंतर इंग्लंडमध्येच राहिलेला. १९४९ला मँचेस्टर सिटीने त्याला गोलात घेतलं तेव्हा निषेध करायला हजारो लोक रस्त्यावर उतरले. शहरात बॉम्बहल्ल्यात घरं गमावलेली माणसं होती, आणि गोलात उभा राहणार होता जर्मन. १९५६ला त्याच देशाच्या फुटबॉल लेखकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. हा मान मिळवणारा तो पहिला गोलकीपर. त्यानंतर काही दिवसांतच झालेल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात, १७ मिनिटं उरली असताना, प्रतिस्पर्ध्याच्या पायावर झेप घेताना त्याची मान दुखावली. तो शेवटपर्यंत गोलात उभा राहिला आणि सिटीने कप जिंकला. मानेचं हाड मोडलंय हे नंतरच्या एक्स-रेत कळलं.

"मानेचं ऐकून मत दिलं असतं तर ती बातमी झाली असती," काका म्हणाले. "त्यांनी आधी दिलं. हंगामभर पाहून."

पुतणी करंगळी चोळत होती. ट्राउटमनचं नाव तिला माहीत होतं, मान मोडल्याचंही. निवड मान मोडण्याआधीची, हे माहीत नव्हतं.

पण तिचा दारूगोळा संपला नव्हता. पत्रकार खेळ सोडून गोष्टीला मत देतात, हा तिचा पुढचा मुद्दा, आणि त्यासाठी तिला पुरावे शोधावे लागले नाहीत. जानेवारी १९९५मध्ये एरिक कँटोनाने प्रेक्षकाला लाथ घातली. कित्येक महिन्यांची बंदी भोगून तो परतला आणि १९९६ला लेखकांचा सर्वोत्तम झाला. त्या वर्षी खेळाडूंनी लेस फर्डिनंडला निवडलं होतं. २०२०ला लेखकांनी जॉर्डन हेंडरसनला दिला. त्यात लिव्हरपूलच्या लीग विजेतेपदाइतकंच कोरोनाच्या काळात आरोग्यसेवेसाठी खेळाडूंना एकत्र आणणाऱ्या कर्णधाराचंही कौतुक होतं. खेळाडूंचा कौल होता डी ब्रॉइना.

"परतलेला बंडखोर, भला कर्णधार, म्हातारा जादूगार. यात फुटबॉल किती आणि मथळा किती, सांगा."

"मथळा असतोच," काका म्हणाले. "लेखकांच्या पुरस्कारात मैदानाबाहेरचं वागणंही बघतात, ते लपवलेलं नाही. तुला नको असेल तर नको म्हण. पण पत्रकार गोष्टीला भुलतो तसा खेळाडू सोबत्याला भुलतो. एकाचा दोष दाखवून दुसरा निर्दोष ठरत नाही."

इथे काकूंनी पोहे आणले आणि दोन्ही बाजूंनी शस्त्रं खाली ठेवली. कोल्हापुरात याला मध्यंतर म्हणतात.

मध्यंतरानंतर काकांनी चाल बदलली. खेळाडूंनी मत द्यावं हा प्रयोग बॅलन डी'ओरमध्ये झालेला आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. २०१० ते २०१५ अशी सहा वर्षं 'फ्रान्स फुटबॉल'चा पुरस्कार आणि फिफाचा पुरस्कार एकच होता. मतांचे तीन सारखे वाटे पडायचे: राष्ट्रीय संघांचे कर्णधार, प्रशिक्षक आणि पत्रकार.

"पहिल्याच वर्षी काय झालं? वेस्ली स्नायडर. इंटर मिलानसोबत लीग, कप, चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकला, आणि नेदरलँड्सला वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात नेलं. पत्रकारांच्या मतांत तो पहिला होता. कर्णधार-प्रशिक्षकांची मतं मिळवल्यावर झाला चौथा. पहिल्या तिघांतही नाही. मेस्सी जिंकला. २०१३ला पुन्हा तेच. बायर्नकडून तिन्ही करंडक उचललेला रिबेरी पत्रकारांच्या मतांत पहिला, एकूण निकालात तिसरा. जगभरच्या कर्णधारांनी ओळखीचा चेहरा निवडला."

"रिबेरीचं काढलंत ते बरं झालं. त्या वर्षी मतदानाची मुदत १५ नोव्हेंबरला संपत होती ती २९पर्यंत वाढवली. मधल्या काळात १९ तारखेला रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध तीन गोल मारले, पोर्तुगालला वर्ल्ड कपला नेलं, आणि नंतर पुरस्कार त्यालाच. आपल्या तालमीच्या स्पर्धेत असं झालं असतं तर पेठ पेटली असती."

"पेटलीच असती," काकांनी ताबडतोब मान्य केलं. "ती चूकच होती. पण ती मतदारांची नव्हे, आयोजकांची."

कर्णधारांबद्दल त्यांचा आणखी एक आक्षेप होता. कर्णधार हा पक्षकार असतो. २०१९च्या फिफा पुरस्काराच्या मतपत्रिका पाहिल्या तर मेस्सीने तिघांत रोनाल्डोला दुसरा क्रमांक दिलेला आहे. रोनाल्डोच्या तिघांत मेस्सीचं नाव नाही. काकांना रोनाल्डोचा राग नव्हता. न्यायाधीशाच्या खुर्चीवर वादीला बसवल्यावर तो असंच करणार, एवढंच त्यांचं म्हणणं. २०१६ला दोन्ही पुरस्कार वेगळे झाले आणि बॅलन डी'ओरचं मत पुन्हा फक्त पत्रकारांकडे आलं.

"पण पत्रकारही पक्षकारच की. देशाचा, भाषेचा, आपल्या वाचकांचा. तुम्ही कधी पाटाकडील तालमीच्या बातमीत दिलबहार तालमीला जरा जास्तच जागा दिली नाही?"

"दिली असेल," काका मिश्किलपणे म्हणाले. "पण खाली माझं नाव असायचं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोक गाठायचे. माझा मुद्दा तोच आहे. खेळाडूंच्या संघटनेची मतं गुप्त असतात. गिग्जला कुणी मत दिलं, माहीत नाही. 'फ्रान्स फुटबॉल' मात्र देशाचं नाव, पत्रकाराचं नाव आणि त्याची पूर्ण यादी छापतं."

"कर्णधारांचीही फिफा छापतेच ना? आत्ताच तुम्ही रोनाल्डोची वाचलीत."

"छापते. पण कर्णधाराला कुणी जाब विचारतं का? त्याचा धंदा चेंडू मारायचा. पत्रकाराचा धंदाच 'का' सांगायचा. उत्तर देता आलं नाही तर त्याने लिहू नये."

"आणि उत्तर 'विसरलो' असं असलं तर?" पुतणीने शांतपणे विचारलं.

ती कुठे निघाली आहे हे काकांना कळलं. सगळ्या वादाचा गाभा तिथेच होता.

२८ ऑक्टोबर २०२४, पॅरिसचं शातले थिएटर, बॅलन डी'ओरचा सोहळा. सगळ्यांनी धरून ठेवलेलं नाव व्हिनिसियस ज्युनियरचं. हंगामात २४ गोल, वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही एक. त्या दुपारीच बातमी फुटली की नाव दुसरंच आहे, आणि रेआल माद्रिदचा एकही माणूस सोहळ्याला आला नाही. क्लबला सर्वोत्तम संघाचा आणि आन्चेलोत्तीला सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार जाहीर झाला, घ्यायला कोणी नव्हतं. कुबड्यांवर मंचावर आला तो मँचेस्टर सिटीचा रॉड्री. महिनाभरापूर्वीच त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. १९६०च्या लुईस सुआरेझनंतर हा मान मिळवणारा तो पहिला स्पॅनिश पुरुष खेळाडू.

गुण होते रॉड्री ११७०, व्हिनिसियस ११२९. फरक ४१चा.

"आता हिशेब बघा," पुतणीने मोबाइल बाजूला ठेवून बोटांवर मोजायला सुरुवात केली. २०२२पासून मतदार फक्त फिफा क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांचे, प्रत्येकी एक पत्रकार. २०२४ला प्रत्येकाने दहा नावं द्यायची होती. गुण १५, १२, १०, ८, ७, ५, ४, ३, २, १. मतपत्रिका छापून आल्या तेव्हा दिसलं, की फिनलंड, नामिबिया आणि एल साल्वाडोर या तीन देशांच्या पत्रकारांच्या पहिल्या दहांत व्हिनिसियसचं नावच नाही. "तिघांनी त्याला पहिला दिला असता तर ४५ गुण झाले असते. निकाल फिरला असता. तीन माणसं, काका! आणि त्यातला फिनलंडचा म्हणाला की माझ्याकडून चुकून राहिलं."

"म्हणाला, आणि परीक्षक मंडळातून बाहेर पडला," काका म्हणाले. "हे घडलं कशामुळे? यादी छापली म्हणून. गुप्त मत असतं तर त्याची चूक त्याच्या टेबलाच्या खणात राहिली असती. आणि आता दुसरा हिशेब कर. तिघांनी व्हिनिसियसला दुसरा दिला असता तर?"

"बारा त्रिक छत्तीस."

"फरक ४१चा. रॉड्री जागचा हलत नाही. म्हणजे निकाल फिरायला तिघांपैकी निदान दोघांनी त्याला पहिला आणि तिसऱ्याने किमान दुसरा म्हणायला हवं होतं. शिवाय असं काठावरचं हे काही पहिलंच नव्हे. १९६६ला बॉबी चार्ल्टन ८१, युसेबियो ८०. १९९६ला झामर १४४, ब्राझीलचा रोनाल्डो १४३. एकेका गुणाने गेलेत. मतदान म्हटलं की कधीतरी असं होणारच."

"मग डिसेंबरमध्ये काय झालं तेही सांगा." तिने सोडलं नाही. १७ डिसेंबर २०२४ला दोह्यात फिफाने आपला पुरस्कार दिला. मतदार होते कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते. जिंकला व्हिनिसियस. "खेळाडू तेच, साल तेच, निकाल उलटा. मग 'जगातला सर्वोत्तम' हे शब्द वापरायचे कशाला? 'शंभर पत्रकारांच्या मते' एवढंच म्हणा."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढंच म्हणावं. मला चालेल. मी पानावर मथळा तसा दिला नसता, जागेत बसला नसता, पण खरं तेवढंच आहे."

हा कबुलीजबाब अनपेक्षित होता. पुतणीलाही लगेच पुढचं सुचलं नाही.

मग तीच म्हणाली, की नियम कुठे आखले जातात यावरही बरंच काही ठरतं. १९९४पर्यंत हा पुरस्कार फक्त युरोपियन खेळाडूंसाठी होता. म्हणून १९८६ला, ज्या वर्षी मॅराडोनाने एकट्याच्या बळावर वर्ल्ड कप नेला असं सगळं जग म्हणतं, त्या वर्षीचा मानकरी आहे सोव्हिएत संघाचा इगोर बेलानोव्ह. १९९५ला युरोपात खेळणाऱ्या सगळ्यांना दार उघडलं आणि त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज विआ जिंकला, जो पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. २००७ला जगभरचे खेळाडू आले. २०१६ला 'फ्रान्स फुटबॉल'ने स्वतःच जुना हिशेब पुन्हा मांडला आणि कबूल केलं, की दार आधीपासून उघडं असतं तर पेलेला सात आणि मॅराडोनाला दोन मिळाले असते.

"आणि आता दुसऱ्या बाजूने दार लावलंय," ती म्हणाली. "पूर्वी पावणेदोनशेच्या आसपास देशांचे पत्रकार मत द्यायचे. भारताचंही मत होतं. आता शंभरच. २०२४ला आपण क्रमवारीत १२०च्या पुढे होतो. आपला संघ हरतो म्हणून आपल्या पत्रकाराचे डोळे अधू होतात का?"

इथे काका तिच्या बाजूला आले. चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होतो. तो जागून पाहणारा, सकाळी आठला कॉपी लिहून देणारा मलयाळी, बंगाली, गोवेकर वा कोल्हापूरकर पत्रकार स्पर्धेच्या शहरात राहणाऱ्यापेक्षा कमी पाहतो, हे त्यांना मान्य नव्हतं. "नियम करणाऱ्यांना कमी आणि जाणकार मतदार हवे होते. ठीक आहे. पण जाणकार ओळखायची फूटपट्टी त्यांनी संघाच्या क्रमवारीत शोधली. ती साफ चूक आहे."

"आणि ३० जणांची पहिली यादी कोण काढतं? मासिकाची आणि 'लेकिप'ची मंडळी. २०२४पासून युएफा सहआयोजक आहे, म्हणजे चॅम्पियन्स लीगचा मालकच मांडवात. शंभर लोक मत देतात, पण ताटात काय वाढायचं ते आधीच ठरलेलं."

"तेही खरं."

"मग तुम्ही बाजू कुणाची घेताय?"

"सही करून मत देणाऱ्याची. निकालाची नाही. २०२०चंच बघ. कोरोनामुळे पुरस्कार रद्द केला. लेवांडोवस्कीने त्या हंगामात ४७ सामन्यांत ५५ गोल केले, बायर्नने सगळं जिंकलं, आणि त्याच्या हाती काही नाही. तिथे एकाही पत्रकाराने चूक केली नव्हती, कारण त्यांना विचारलंच नाही. पुढच्या वर्षी मेस्सी ६१३ आणि लेवांडोवस्की ५८०. मेस्सीला मंचावरून म्हणावं लागलं की गेल्या वर्षीचा याला द्या. चुकीच्या मतावर भांडता तरी येतं, न घेतलेल्या मतावर काय भांडणार?"

पुतणीने आणखी एक आठवण काढली. बायकांना हा पुरस्कार सुरू व्हायला २०१८ उजाडलं, म्हणजे बासष्ट वर्षं. पहिली मानकरी नॉर्वेची अदा हेगरबर्ग, आणि मंचावर निवेदकाने तिला काय विचारलं, तर कंबर हलवून नाचता येतं का! तिने 'नाही' म्हणून विषय संपवला. आता स्पेनची आयताना बोनमाटी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली आहे, आणि पुतणीच्या शनिवारच्या वर्गात तिच्या नावाचा शर्ट घालून येणाऱ्या दोन मुली आहेत. पत्रकारांच्या पुरस्काराबद्दल पुतणीने आपणहून सांगितलेली ही एकच चांगली गोष्ट.

आठ वाजत आले होते. काकांनी कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, फाडून तिचे दोन तुकडे केले, कोरी बाजू वर केली आणि एक तुकडा तिच्यापुढे ठेवला.

"घे. २०२४ची यादी मोबाइलवर काढ. दहा नावं. दहा मिनिटं. खाली सही."

पहिली तीन नावं तिने चटकन लिहिली. चौथ्यापाशी पेन थांबलं. बेलिंगहॅम की यामाल? क्रूस कुठे? हालँडने लीगमध्ये सर्वांत जास्त गोल केले, पण तो सातव्याच्या वर कसा न्यायचा? दोनदा खोडलं. काका तिच्याकडे न बघता लिहीत होते, पण त्यांनीही एक नाव बाण काढून वर नेलं. दहाव्या मिनिटाला दोन्ही कागद टेबलावर आले.

तिचे पहिले तीन होते रॉड्री, कार्वाहाल, व्हिनिसियस. कार्वाहाल बचावपटू म्हणून वर, आणि त्याने त्या वर्षी लीग, चॅम्पियन्स लीग आणि युरो तिन्ही जिंकली होती. काकांचे पहिले तीन व्हिनिसियस, लुकमन, रॉड्री.

"लुकमन दुसरा?" ती ओरडलीच.

"डब्लिन, २२ मे. युरोपा लीगचा अंतिम सामना. ५१ सामने न हरलेल्या लेव्हरकुसेनला एकट्याने तीन गोल. अटलांटासारखा क्लब युरोपात जिंकला. ती रात्र मी विसरणार नाही."

"गोष्ट! शेवटी गोष्टीलाच मत दिलंत."

"दिलं. खाली सही आहे बघ."

बेरीज केली. रॉड्री १५ आणि १०, पंचवीस. व्हिनिसियस १० आणि १५, पंचवीस. तासाभराच्या भांडणातून बरोबरी निघाली होती. काकांना १९६९ आठवलं, जेव्हा इंग्लंडच्या लेखकांची मतं सारखी पडली आणि डेव्ह मॅके व टोनी बुक या दोघांत पुरस्कार वाटून द्यावा लागला.

काकू ताटं घेऊन आल्या. टेबलावर जागा करताना त्यांनी पुतणीचा कागद उचलला, चष्मा नसल्याने लांब धरून वाचला आणि विचारलं, "यात तुझ्यासारखं गोलात उभं राहणारं कोण आहे गं?"

पुतणीने कागद हातात घेतला. मग काकांचा घेतला. मग मोबाइलवरची तीस नावं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यांत गोलकीपर एकच होता. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ, त्या उन्हाळ्यात कोपा अमेरिका जिंकलेला. गोलकीपरांसाठी वेगळा ठेवलेला याशिनच्या नावाचा करंडक त्याच सोहळ्यात त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा मिळाला होता.

दोन्ही याद्यांत त्याचं नाव नव्हतं. तिने खोडायला पेन उचललं, तेव्हा काकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मुदत संपून चार मिनिटं झाली होती.